मिठाचा बर्फ

नव्वदच्या दशकात देवासच्या आमच्या फॅक्टरी कॉलनीत मराठी घरांतली मुलं दिवाळीला मातीचे किल्ले करायची. एका वर्षी मी किल्ल्याऐवजी अंटार्क्टिकातली डोंगररांग केली. अ‍ॅटलासमध्ये चित्र पाहिलं होतं. सगळा डोंगर बर्फात गाडलेला, वर फक्त काळी टोकदार शिखरं, आणि वारा असा की त्यांच्यावर बर्फही टिकत नाही. मी शिखरं कोळशाची केली आणि खाली बर्फ म्हणून मीठ पसरलं.

कॉलनीच्या किल्ले-स्पर्धेचे परीक्षक होते समोरच्या क्वार्टरमधले काका. म्हणाले, "बेटा, पहाड आहे तर हरियाली पाहिजे की नाही?" आणि माझ्यादेखत त्यांनी त्या बर्फात भिजवलेली मोहरी पेरली, शिखरावर मातीचा मावळा उभा केला. ध्रुवावर मावळा! अजूनही आठवलं की टाळकं सटकतं. मोहरी अर्थातच उगवली नाही. "मातीत दमच नाही," म्हणत त्यांनी मला शेवटचा नंबर दिला.

वर्षभर मी गप्प बसले. काका स्वतःही दरवर्षी मोठा किल्ला करायचे, अख्खी कॉलनी बघायला यायची. पुढच्या दिवाळीत त्यांची माती अंगणात पडली होती आणि ते ड्यूटीवर होते. मी तिच्यात पिशवीभर मीठ कालवलं. घरोघरचे किल्ले हिरवेगार झाले. काका रोज पाणी शिंपडायचे आणि रोज मीठ वर येऊन त्यांचा किल्ला आणखी पांढरा व्हायचा.

बघायला लोक जमले, तेव्हा मी जपून ठेवलेला तो मावळा त्यांच्या हातात दिला. "घ्या काका, तुमच्या अंटार्क्टिकावर ठेवा."