भरलेल्या घड्याळाची चावी

आमच्या लंबकाच्या घड्याळाला दर बाजाराच्या दिवशी चावी द्यायची, आणि ती बाबांनीच द्यायची. दुसऱ्या कोणी हात लावला की ते खेकसायचे. एकदा मात्र लहर आली, तेव्हा काच उघडून त्यांनी मला आतलं समजावलं. चावी फिरवली की पोलादी पट्टी आवळत जाते. ती म्हणजे भरलेली बोडी, धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, पाणी देणारं तळं.

"बोडीचं तोंड पुरं खोललं त बांधी वाहून जाईन," बाबा म्हणाले. "म्हणून हा आकडा हाये. लंबक हलला का चाकाचा एक दात सोडते, दुसरा अडवते."

टिकटिक म्हणजे तो सुटणारा दात.

पुढे त्यांना लकवा मारला, उजवा हात लुळा पडला. पण माणूस हट्टी. जोर परत यावा म्हणून दिवसभर त्या हाताने ओला फडका पिळत बसायचे. पाहायला येईल त्याला सांगायचे, "घडीले चाबी मीच देईन." तोवर ते काम आईकडे आलं होतं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी मी माहेरी होते. जेवणं झाल्यावर बाबा उठले, भिंत धरत घड्याळापर्यंत गेले आणि उजव्या हाताने चावी बसवली. दातओठ खाऊन जोर लावला, पण चावी जागची हलेना. त्यांनी ती हळूच खुंटीला अडकवली.

"नाई होत आता," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अवो, मी सकारीच भरली ना ते! भरलेली घडी कोनाच्यानं फिरते?"

ते अगदी खरं होतं. पट्टी पुरती आवळली की चावी पैलवानालाही दाद देत नाही. बाबांना त्रास नको म्हणून तिने उजाडताच काम उरकलं होतं. आमच्या घरात माया अशीच, नको तिथे आधी पोचणारी.

बाबा हसले. "मले लहान पोरगं समजून राह्यली का? काऊन मन ठेवून राह्यली माझं?"

मी शपथ घेतली, तर म्हणाले, "तू त मायच्याच बाजूची."

त्यानंतर त्यांनी फडका हातात घेतला नाही. पुढच्या बाजाराला, ती बाबांनी द्यावी म्हणून, आईने मुद्दाम चावी दिली नाही, घड्याळ बंद पडू दिलं. बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं.

आता बाबा नाहीत. चावी आईच देते, पण शेवटचे काही पिळे बाकी ठेवते. त्यामुळे आमचं घड्याळ बाजाराच्या आधीच थांबतं. पुरती भर, असं मी तिला कधी म्हणत नाही.