गाडी नसलेल्या घराला गाडीची जागा

मावशी गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवतात. नवरा गेल्यावर त्यांनी शिलाई मशीन असं काही दामटलं, की दुकान उभं राहिलं आणि लेकही मार्गी लागली. स्वतःकडे मात्र साधी सायकल नाही.

लेक-जावई भाड्याने राहायचे, पदरात जुळी. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, तशा मावशी म्हणाल्या, "दुकानावर दोन मजले चढवू. एकात तुम्ही राहा, एकात मी. हाकेच्या अंतरावर तरी असाल."

नकाशा घेऊन त्या पालिकेत गेल्या. साहेब म्हणाले, "घर तिथे पार्किंग, असा नियम आहे. दोन घरं, दोन गाड्यांची जागा."

"पण गाडी आहे कुणाकडे?"

"आज नसेल, उद्या येईल. खालचं दुकान पाडा, नुसते खांब ठेवा."

"आणि खाऊ काय? खांब?"

पुढे हा नियमच काढून टाकायचा प्रस्ताव आला. सुनावणीला मावशी दुकान बंद ठेवून गेल्या. त्यांच्या समोरच्या बंगल्यातले भाऊसाहेब उठले. घरात माणसं दोन, गाड्या तीन. तिसरी कायम रस्त्यावर, मावशींच्या दारात. "नियम काढलात, तर नव्या घरांच्या गाड्या रस्त्यावर येतील. मग आमच्या गाड्या आम्ही लावायच्या कुठे?"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रस्ता काय तुमच्या बापाने आंदण दिलाय? पत्र्याच्या डब्याला छप्पर हवं, नि माझ्या नातवंडांनी उघड्यावर राहायचं? डब्याला थंडी वाजते होय हो?"

लोक हसले, टाळ्याही पडल्या. अध्यक्षांनी विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

"अहो, लेकीला कशी ढकलू पुढच्या वर्षावर?" मावशी ओरडल्या. तोवर माईक बंद झाला होता.

लेकीला शेवटी शहराबाहेर, बससुद्धा जात नाही अशा ठिकाणी घर मिळालं. कामावर यायचं तर गाडीवाचून इलाज नाही. घेतली कर्ज काढून, जुनीपुराणी.

ती पहिल्यांदा आईकडे आली, तर गल्लीत जागाच नाही. गाडी उभी राहिली ती थेट बंगल्याच्या फाटकाला चिकटून. भाऊसाहेब तणतणत बाहेर आले. "कुणाचं हे धूड? हलवा आधी!"

मावशी कात्री हातात घेऊनच दुकानातून उतरल्या. "माझ्या लेकीचं. तिला घर हवं होतं, भाऊसाहेब. गाडी तुम्ही घ्यायला लावलीत. आता सोसा!" आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, "खबरदार हलवलीस तर!"