सोसायटीतला आपटा

ये गं, जरा अशी जवळ सरकून बस. कागदावरच बसवतेय तुला, कारण सदाशिव पेठेतून वारज्याला यायला तुला सवड नसते, आणि नवी कोरी स्कूटर मात्र दारात उभी असते. आणि परवा फोनवर काय विचारलंस? "मावशी, तुझी नात शाळेत जात नाही, तर दिवसभर करते तरी काय? नुसती झाडं बघत फिरता म्हणे." म्हणे? सख्ख्या मावशीबद्दल ऐकीव बोलतेस होय? आता नीट ऐक.

नात नऊ वर्षांची. मुलानं आणि सुनेनं दोन वर्षांपूर्वी ठरवलं की तिला घरीच शिकवायचं. गणित, इंग्रजी तिची आई बघते, सकाळची टेकडी माझी. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, त्यामुळे मला तास वगैरे घेता येत नाही. बुधवार पेठेतून झाडांचं एक खिशात मावणारं पुस्तक आणलं. पानं बघायची आणि त्यावरून झाड ओळखायचं, एवढंच. त्यातही माझा एक हट्ट, आधी पुस्तक उघडायचं नाही. पान हातात घ्यायचं, पुढून मागून चोळायचं, वास घ्यायचा, मग पुस्तक. आधी चित्र बघितलं की पोरं ते चित्रच झाडाला चिकटवतात. मग चिंच असो की गुलमोहर, चित्रातलंच दिसायला लागतं.

तर गेल्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात एक झाड आहे. पान मधे दुभंगलेलं, अगदी दसऱ्याच्या सोन्यासारखं. सगळे त्याला आपटा म्हणतात, मीही म्हणायचे. दसऱ्याला मुलं त्याची पानं काढून घरोघरी सोनं वाटत फिरतात. नातीला त्या टोळीत कधी कोणी बोलावलं नव्हतं. बाकीची सगळी एका बसनं शाळेत जाणारी, त्यांची भांडणंसुद्धा बसमधलीच, त्यात हिला जागा कुठली? ही आपली गॅलरीतून बघत राहायची. पण तेव्हा टोळीच्या म्होरकीनं, सातवीतल्या एका मुलीनं, आदल्या दिवशी खालून हाक मारली, "येतेस का पानं काढायला?" पोरगी चप्पल न घालता पळाली.

आणि थोड्याच वेळात मान खाली घालून परत आली. खाली जाऊन हिनं काय केलं, तर सवयीनं पान चोळलं आणि सांगून टाकलं, हा आपटा नाही, कांचन आहे. म्होरकी म्हणाली, "तुझं बरं आहे. पेपर तूच काढतेस, मार्कही तूच देतेस." सगळी हसली.

मी तिला म्हटलं, "अगं, सणाचं आहे. पान घे आणि वाट. इतक्या दिवसांनी बोलावलंय तुला."

ती म्हणाली, "आजी, मग आपण रोज बघतो कशाला?"

गॅसवर आमटी होती, ती बघायला गेले.

आमटी उतरवून येते, तो ही परत खाली. जिन्यात गाठलं, तर म्होरकीला सांगत होती, "खरा आपटा टेकडीवर आहे. चल, दाखवते. नसला तर मी उद्या तुमच्यात येणार नाही." बघ, इतकी वाट बघून मिळालेलं बोलावणं पणाला लावून मोकळी. पण टेकडी म्हटल्यावर अख्खी टोळी निघाली, आपटा असो नाहीतर वांगं. सोसायटीतल्या झाडाची पानं मुठीत घेतली, आणि सोबत मोठं माणूस हवं म्हणून मी.

टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला तो आपटा आहे. वाकडातिकडा, फांद्या लोंबलेल्या. पुस्तक हातोहात फिरलं. पण चित्र बोटभर, आणि पानं दोन्हीकडची दुभंगलेली. "सेमच आहे की," असं सगळ्यांचं मत पडायला लागलं.

तेव्हा नात म्हणाली, "चित्र राहू दे. हात लाव." कांचनाचं पान मोठं, लांबट, पातळ. आपट्याचं आखूड, पसरट, जाडसर, पाठीमागून राखी आणि खरखरीत.

म्होरकी पक्की. तिनं नातीला डोळे मिटायला लावले आणि एकेक पान हातावर ठेवत गेली.

"हे?"

"कांचन."

"हे?"

"आपटा."

"आणि हे?"

"आपटाच. कोवळं आहे."

शेवटी तिनं चॉकलेटचा कागद ठेवला. नात म्हणाली, "हे तुझ्या खिशातलं झाड." सगळी फिसकन हसली, पण आता ही पण त्या हसण्यात होती. मग म्होरकीनं स्वतःचे डोळे मिटले, "आता माझी घे." चुकली, आणि चुकलेलं तिला अजिबात आवडलं नाही. एकानं आपट्याची फांदी ओढली तर तीच त्याच्यावर खेकसली, "सोड, एवढंसं तर झाड आहे."

दुसऱ्या दिवशी टोळीनं पानं कांचनाचीच वाटली, पण दारोदार खरं सांगून. पिशवी नातीच्या हातात. "सोनं घ्या काका, पण हे कांचन आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे एक ग्रॅमवालं. द्या, यंदा तेच परवडतंय." आतून काकू म्हणाल्या, "लाडू खरे आहेत गं, घेऊन जा."

आता रविवारी सकाळी बेल वाजते ती नातीसाठी. म्होरकी अजून पानापानावर हिच्याशी वाद घालते, आणि पुष्कळदा तीच बरोबर निघते. मग नात फणफणत वर येते, पाणी पिते आणि पुन्हा खाली. ती घरी राहून काय शिकते, हे याहून जास्त मला नाही बाई सांगता येणार. तूच ये आणि बघ. येत्या रविवारीच ये, तुझ्या लेकालाही आण. आणि सकाळी लवकर नीघ, ऊन चढलं की टेकडी माझ्यानं होत नाही.