उसने आणलेले मळके दगड

तीन मार्चला दवाखान्याच्या किरकोळ खर्चात सहाशे चाळीस रुपये पडले. ब्लीचिंग पावडर आणि दोन माणसांची मजुरी. मुलांच्या वॉर्डासमोरच्या तळ्याची गाळणी धुऊन घेतल्याचा हा खर्च, सही हेडक्लार्कची. तळं सांभाळणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, तपासणी चार दिवसांवर आली होती, आणि गाळणीच्या टाकीतले ते भोकाभोकांचे दगड तपकिरी, बुळबुळीत झालेले हेडक्लार्कला बघवले नाहीत. संध्याकाळी दगड पांढरेशुभ्र झाले. स्वतःवर खूश होत तो घरी गेला.

पाच तारखेला मावशी परतल्या. हातातली पिशवीही न ठेवता तळ्याशी गेल्या. एकतीस सोनेरी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

"माझ्या गाळणीला हात कुणी लावला?"

"मी. केवढी मळली होती, मावशी!"

"चहाची गाळणी वाटली का तुम्हाला? अहो, अकरा वर्षांची वस्ती होती त्या भोकांमध्ये. माशांच्या घाणीचं विष तयार होतं, ते खाऊन टाकणारे जंतू. सगळे धुऊन काढलेत."

त्यांनी नळीत तळ्याचं पाणी घेऊन विष तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. रंग पिवळा हवा होता, झाला गडद हिरवा. मासे मेले तर तळं बुजवून सायकल स्टँड करायचा, हे मोठ्या साहेबांनी आधीच बोलून दाखवलं होतं. वॉर्डातली मुलं मात्र रोज खिडकीतून मासे मोजायची.

मावशींनी रागावण्यात वेळ घालवला नाही. माशांचं खाणं बंद केलं, एक तृतीयांश पाणी उपसलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून पिंपांत कायम उघडं ठेवलेलं असायचं, ते पाणी भरलं. मग दोन बादल्या हेडक्लार्कच्या हातात दिल्या आणि त्याला घेऊन नर्सरीवाल्याकडे गेल्या. त्याच्याही तळ्याला तसलीच गाळणी होती.

"अठरा किलो दगड उसने द्या. धुऊ नका."

"लोक माझ्याकडून रोपं नेतात, मावशी. घाण न्यायला तुम्हीच पहिल्या!"

"आणि हे साहेब दुसरे," मावशी म्हणाल्या.

रिक्षात बादल्या हेडक्लार्कच्या मांडीवर होत्या. इस्त्रीच्या पँटवर हिरवट पाणी सांडत होतं. तो झाकण लावायला गेला. "राहू द्या उघडं," मावशी म्हणाल्या, "जंतूंनाही हवा लागते."

मळके दगड टाकीत पांढऱ्यांवर रचले गेले. दोन दिवस मावशी पाणी बदलत राहिल्या, थेंब टाकत राहिल्या. दोन मासे गेले. सात तारखेला नळीतला रंग पोपटी झाला होता.

तपासणीच्या फेरीत मोठ्या साहेबांनी टाकीत डोकावून नाक मुरडलं. "मासे दोन कमी कसे? आणि हे दगड धुवत नाही का कुणी?"

"मी रजेवर होते, साहेब. पाणी बिघडलं होतं, आता ताळ्यावर आलंय," मावशी म्हणाल्या. धुणाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

हेडक्लार्कनेच घसा साफ केला. "मी धुतले होते, साहेब. चूक माझी. ते धुवायचे नसतात. फार तर तळ्याच्याच पाण्यात हलकेच खंगाळायचे."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि ते पुढच्या वॉर्डाकडे वळले. सायकल स्टँडचा विषय निघाला नाही.

सप्टेंबरपर्यंत पांढरे दगडही तपकिरी झाले. मावशींनी त्यांतले सोळा किलो नर्सरीवाल्याला पोचवले. दोन किलो अजून द्यायचे आहेत.