डॉक्टर आजरेकरांनी घेतलेली परीक्षा

डॉ. माधव आजरेकरांचा दवाखाना कोल्हापुरात गंगावेशीत होता आणि घर दवाखान्याच्या मागेच. ब्याऐंशी साली त्यांना सदुसष्टावं लागलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हातून दूध सारखं उतू जायला लागलं. एकदा आमटीतही मीठ दोन वेळा पडलं. आक्का लहानपणीच विधवा झालेली, सगळं आयुष्य भावाच्या घरात काढलेली.

डॉक्टरांच्या पत्नी विमलाबाई म्हणाल्या, "अहो, वन्सं हल्ली विसरतात. जरा बघा ना."

डॉक्टरांनी नुकतंच एक व्याख्यान ऐकलं होतं. म्हातारपणीचं विसरणं साधं की आजाराचं, याचा अंदाज घ्यायला काही सोपे प्रश्न विचारायचे, अशी ती तपासणी होती. त्यांना ती फार आवडली होती. रविवारी दुपारी त्यांनी आक्काला झोपाळ्यावर बसवलं.

"मी तीन शब्द सांगतो. नीट लक्षात ठेव, मागून विचारीन. लिंबू, कुलूप, चप्पल."

आक्काने ते म्हणून दाखवले. मग त्यांनी तारीख विचारली. तिने तिथी सांगितली. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर म्हणाली, "मला कुणी शाळेत घातलं? वीस लिंबांतली तीन गेली तर किती, असलं विचार." डॉक्टर हसले. त्यांनी तसंच विचारलं, तिने पटकन सांगितलं.

"बरं, आता ते तीन शब्द सांग."

"लिंबू, कुलूप आणि चप्पल. बरोबर ना?"

डॉक्टर बोटांवर मोजू लागले आणि पहिल्याच बोटावर अडले. आक्का झोपाळा थांबवून भावाकडे बघत राहिली.

"माधव, तुला आठवतायत का?"

"बरोबरच असतील," ते म्हणाले.

दारात भाजी निवडत बसलेल्या विमलाबाईंनी ऐकलं होतं. "वन्संचं बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. डॉक्टर उठले, दवाखान्यात गेले आणि रविवार असूनही आतून कडी लावून बसले.

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. दाढी करताना ते शंभरातून सात वजा करत. कधी सरळ खाली येत, कधी मधेच अडत आणि पुन्हा वरून सुरू करत. जेवताना विमलाबाईंना म्हणत, "मला तीन शब्द दे." त्यांनी दिले नाहीत तर चिडत, दिले तर घास हातात धरून बसत. रंकाळ्यावर फिरायला जात आणि अर्ध्या वाटेतून परत येत, दवाखान्याला कुलूप लावलं की नाही ते बघायला. ते लावलेलंच असे. आक्काचे मात्र डोळे तपासले, तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला दूध वर येताना दिसतच नव्हतं. मीठ दोनदा का पडलं, ते विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

पावसाळ्यात नेसरीचा केरबा ताप घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं, हात धुतले, बाहेरच्या पेशंटशी दोन शब्द बोलले आणि पुन्हा सुई भरून त्याच्यासमोर उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, मगाशीच दिलंसा की," केरबा म्हणाला. "दुसरंबी हाय व्हय?"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "नाही. तू जा आता, आराम कर."

केरबा गेला. डॉक्टरांनी उरलेल्या पेशंटांना दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं आणि आत येऊन विमलाबाईंना म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर मिरजेला चल."

मिरजेतल्या तरुण डॉक्टरने त्यांना तेच प्रश्न विचारले. शब्द वेगळे होते. तीनपैकी एकच आठवला. तो तरुण अवघडला होता. म्हणाला, "सर, एवढ्यावरून आजार ठरत नाही. रक्त बघू, झोप बघू, मन उदास आहे का तेही बघू. सहा महिन्यांनी पुन्हा या."

"तोवर मी पेशंट बघू का?"

त्याने चिठ्ठीवर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली. एसटीत परत येताना डॉक्टर एकदाही स्वस्थ बसले नाहीत. दर थांब्याला विचारत, "आलं का?"

रक्तात काही निघालं नाही. सहा महिन्यांनी उत्तरं आणखी हुकली. पण तोपर्यंत दवाखाना बंद झाला होता. त्यांनीच स्वतः उभं राहून दारावरची पाटी उतरवून घेतली, औषधांची कपाटं ओळखीच्या डॉक्टरांना दिली. "माझ्या हातून अजून कुणाला काही झालेलं नाही. तेवढ्यात थांबलेलं बरं," ते विमलाबाईंना म्हणाले. बोलताना ते खुर्चीवरून तीनदा उठले.

पुढची चार वर्षं ती उठबस थांबली नाही. सकाळ झाली की ते सदरा घालून दवाखान्याच्या दाराशी जात आणि कडी हलवत. विमलाबाईंना ते बघवत नसे. त्या स्वयंपाकघरात निघून जात. मग आक्का यायची. ऑपरेशननंतर तिला जाड भिंगांचा चष्मा लागला होता.

"दार का उघडत नाही? पेशंट खोळंबलेत," ते म्हणत.

"तूच बंद केलंस, माधव. कुणी करायला लावलं नाही. समजून उमजून केलंस."

"मी केलं?"

"व्हय, तू." घरात ती कधी असं बोलत नसे. हे तेवढं ती पेशंटांसारखं बोलायची, म्हणजे ते ऐकत.

ते मान हलवून तिच्याबरोबर आत येत, झोपाळ्यावर बसत, चहा घेत. कप खाली ठेवला की पुन्हा उठत.