लाल चिंधी

हवाई दलातून पहिल्यांदा सुट्टीवर मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा धानगिरणीचं डिझेल इंजिन बंद पडलं होतं. लोकांनी मलाच बोलावलं. माझं काम विमानाच्या पत्र्याला रिवेट ठोकण्याचं. इंजिन मी कधी उघडलंही नव्हतं. पण हे सांगायला जीभ रेटली नाही. दोन-चार नट चाचपून मी ऐटीत म्हणालो, "मोठा स्नॅग आहे. अनसर्व्हिसेबल." बिघाडासाठीचे हे दलातले शब्द कुणाला कळले नाहीत, म्हणूनच पटले. वर शहाण्यासारखी हँडलला लाल चिंधी बांधली. दलात लाल पट्टी बांधलेल्या यंत्राला कुणी हात लावत नाही.

इथेही कुणी लावला नाही. तीन दिवस बायका उखळात धान कांडत राहिल्या. त्यांत माझी आईही होती.

चौथ्या दिवशी आलापल्लीहून म्हातारा मिस्त्री आला. त्यानं डिझेलची नळी काढून तोंडानं फुंकली, कचरा थुंकला, हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. त्याच चिंधीनं तोंड पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "भाऊनं चिंधी बांधली म्हनून वाचलं. नाईतर कोनीबी हँडल मारून इंजिन तोडलं असतं."

आईनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तळहातांना फोड आले होते.

मी मान डोलावली.