अकरा नंबरला कसं उठवायचं

अंधेरीच्या बाजूला एका म्युनिसिपल हॉस्पिटलात मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होते, तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आमच्या इन-चार्ज सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि वॉर्ड माझ्या गळ्यात पडला. तीस खाटा, खाली गाद्या टाकून आणखी सात-आठ पेशंट आणि हाताखाली दुसऱ्या वर्षाच्या चार स्टुडंट नर्सेस. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लागला त्या दिवसापासून मला धड जेवण जाईना. दिंडोशीहून बसमध्ये बसले की मी मनात पेशंट मोजायला लागायचे. कुणाचं काय राहिलं, कुणाचं काय बिघडेल.

त्याच आठवड्यात अकरा नंबरच्या खाटेवर एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, उंच, मरोळच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन. डावी पोटरी पिकली होती आणि पाय मांडीपर्यंत सुजला होता. केसपेपरवर लिहिलं होतं: वॉचमन, डाव्या पायाला गळू. एवढंच. एक्स-रे आला तेव्हा पोटरीत धातूचे तीन तुकडे दिसले. हाउसमन डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की, फौजेत हवालदार होतो, एकाहत्तरच्या लढाईत पुढच्याचा पाय सुरुंगावर पडला, तुकडे मला लागले. लष्कराच्या दवाखान्यात का नाही गेलास, तर म्हणे कागद गावी आहेत. पुढच्याचं काय झालं, हे विचारायला हाउसमनला वेळ नव्हता. मलाही नव्हता.

पेशंट म्हणून तो शिस्तीचा होता. सकाळी चादरीच्या घड्या स्वतः घालायचा. फक्त एक मागणी त्यानं दोनदा केली, भिंतीच्या कोपऱ्यातली खाट द्या. त्या खाटेवर पायाला वजन लावलेला पेशंट होता. मी नाही म्हटलं आणि मनात म्हटलं, आता यालाही नखरे सुचतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, जेवणं झाल्यावर वॉर्ड पेंगत होता. चौघींतली सगळ्यात लहानखुरी, चिपळूणकडची मुलगी थर्मामीटर घेऊन निघाली. अकरा नंबर कुशीवर झोपला होता, पाठ तिच्याकडे. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि "काका, उठा" म्हणाली. आम्ही सगळ्याच असंच उठवायचो.

मी टेबलाशी लिहीत होते. ट्रॉली पडल्याचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. त्यानं तिचं मनगट पिरगाळून तिला खाटेवर आडवं पाडलं होतं आणि दुसरा हात तिच्या गळ्यावर होता. दोघांच्याही तोंडून आवाज नव्हता. नंतर ती मला म्हणाली, "सिस्टर, डोळे उघडे होते, पण मी त्यांना दिसतच नव्हते." दोन वॉर्डबॉय आणि शेजारच्या पेशंटचा भाऊ अशा तिघांनी त्याला सोडवलं. सुटल्यावर तो खाटेखाली शिरला आणि डोक्यावर हात धरून बसला. त्याला ओढून वर घेतलं. थोराड वॉर्डबॉयनं विचारलं, सिस्टर, बांधू का? मी "बांधा" म्हटलं. हे मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. बँडेजच्या पट्ट्यांनी त्याचे दोन्ही हात खाटेला बांधले.

चार वाजता भेटीची वेळ झाली आणि त्याची बायको डबा घेऊन आली. साताऱ्याकडची, मरोळलाच पॅकिंगच्या कामाला जाणारी. आता ही बोंब मारणार, माणसं गोळा होणार, अशी मला भीती वाटली. ती मात्र डबा खाली ठेवून खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि रोजच्या आवाजात सांगायला लागली, मी आलेय, हा अंधेरीचा दवाखाना, चार वाजलेत, डब्यात भाकरी आहे. बऱ्याच वेळानं त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग ती माझ्या टेबलाशी आली.

"किती वेळ झाला बांधून?"

"दोन तास."

"बाई, त्यास्नी बांधलं की ते तिथंच ऱ्हात्यात. माघारी येत न्हाईत."

तिनं जे सांगितलं ते असं. लढाईहून आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं त्याला झोपेतून हलवून उठवलं आणि तिचे दोन दात पडले. सासूनं देवऋषी आणला. काही झालं नाही. मग तिचं तिनंच शोधून काढलं, कुठं उभं राहायचं, आधी काय बोलायचं, हातात काय असू नये. ह्या गोष्टी तिनं कुणाला सांगितल्या नव्हत्या. माझ्या ट्रेनिंगच्या तीन वर्षांत आणि नोकरीच्या सहा वर्षांत मलाही कुणी सांगितल्या नव्हत्या. ती पायथ्याशी उभी राहिली आणि मी पट्ट्या सोडल्या.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी बोलावलं. त्या कडक होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. मुलीचं मनगट मुरगळलं होतं, हाड शाबूत होतं. तिच्या आईबापांना मी काय सांगू, असं त्यांनी विचारलं. ह्या पेशंटला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं, असं वर बोलणं चाललं होतं. सर्जन मात्र म्हणत होते की शनिवारी ऑपरेशन झालंच पाहिजे, विष अंगात भिनलं तर पाय जाईल. खरी अडचण ऑपरेशननंतरची होती. भुलीतून बाहेर येताना साधी माणसंसुद्धा हातपाय झाडतात. याच्याजवळ उभं कोण राहणार?

मी म्हटलं, आम्ही राहू. मुलींना मी शिकवते.

"तुला येतं?"

"नाही मॅडम. त्यांच्या बायकोला येतं."

त्या म्हणाल्या, गुरुवारी ड्यूटी संपल्यावर एक तास घे. आणि आणखी एका मुलीला इजा झाली तर रिपोर्ट तू लिहायचास. त्यात हेही लिहायचंस की पेशंट ठेवून घ्यायचा आग्रह तुझा होता.

गुरुवारपर्यंत मी बसमध्ये पेशंटांऐवजी हेच मोजत होते. हवालदाराच्या बाई येतील का, आल्या तर बोलतील का, मुली हसल्या तर काय? चादरी ठेवायच्या खोलीत आम्ही जमलो, माझ्या चार आणि शेजारच्या वॉर्डातल्या पाच अशा नऊ मुली, दोन वॉर्डबॉय आणि एक आया. बाई चादरींच्या गाठोड्यावर बसल्या आणि पदराचं टोक पिळत राहिल्या. शेवटी मी जमिनीवर गादी टाकून आडवी झाले आणि म्हटलं, मी हवालदार, मला उठवून दाखवा.

त्यावर त्या उभ्या राहिल्या. एकेका मुलीला पुढं बोलावून सांगायला लागल्या. उशाकडनं येऊ नगं. पायाकडं उभी ऱ्हा. दाराच्या वाटंत उभी ऱ्हाऊ नगं, त्यास्नी दार दिसाय पायजे. हातातली वाटी आधी खाली ठेव. आधी तू कोण ते सांग, मग गाव सांग, मग येळ सांग. आणि काका म्हणू नगं, हवालदार म्हण. कुणी हसलं नाही. मुली डोळे मिटलेल्या माझ्यापुढं उभ्या राहून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या आणि तिथं जमिनीवर पडून, माझ्या भोवती कोण कुठं उभं आहे ते कळेनासं झाल्यावर, मलाही क्षणभर कसंसंच झालं.

मग बाई मोकळ्या झाल्या. दातांचं सांगितलं. दिवाळीत फटाके वाजायला लागले की हवालदार मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडून बसतात, तेही सांगितलं. मी गादीवर उठून बसले होते. सगळ्याजणी दाराकडे बघायला लागल्या म्हणून मीही मान वळवली. कुबडी काखेत धरून तो दारात उभा होता. बायको कुठं राहिली म्हणून शोधत आला होता. किती ऐकलं होतं, देव जाणे.

तो मला म्हणाला, "सिस्टर, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

आणि कुबडी टेकत परत गेला. रिकामा डबा तिथंच विसरून बाई निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. वाटत होतं तो ऑपरेशनला नाही म्हणेल, सही करणार नाही, घरी निघून जाईल आणि पाय जाईल तो माझ्यामुळे. मी म्हटलं, हवालदार, चुकलं माझं.

तो म्हणाला, ती चौदा वर्षं कुणाला बोलली नव्हती, बोलली ते बरं झालं. पण माझ्या माघारी नको. मग म्हणाला, तिलाही ठाऊक नाही ते सांगतो. आम्ही एकामागं एक चाललो होतो. मागच्यानं माझ्या खांद्याला हात लावला म्हणून मी वळून बघितलं. तेवढ्यात पुढचा गेला.

"म्हणून खांद्याला हात नको," तो म्हणाला. "लावायचाच झाला तर पायाला लावा."

त्यानं त्या मुलीला बोलावून घेतलं. ती मनगटाला क्रेप बँडेज बांधून आली आणि बरोबर पायथ्याशी उभी राहिली. त्यानं गाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. मग म्हणाला, "मला काही आठवत नाही बाळ. पण हात माझाच होता." उद्या तू माझ्याजवळ नको, असंही तो म्हणाला. ती म्हणाली, मीच उभी राहणार. तिला नको म्हणावं असं मला फार वाटत होतं. पण कोण, गाव, वेळ ही बाईंनी शिकवलेली ओळ चौघींत तिलाच धड म्हणता येत होती.

शनिवारी ऑपरेशन साडेअकराला संपलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे हात बांधायला सांगितले. मी नको म्हटलं. तुमची जबाबदारी, एवढंच ते म्हणाले. आमच्या गुरुवारच्या शिकवणीत एक गोष्ट राहून गेली होती. भुलीतल्या माणसाची जीभ मागं पडू नये म्हणून जबडा धरायला कुणीतरी उशाशी लागतंच. म्हणजे जिथं उभं राहायचं नाही, नेमकं तिथंच. ती जागा मी घेतली, जरा कडेला, त्याला दिसेन अशी. बाई बाहेर बाकावर होत्या, आत यायची परवानगी नव्हती.

आधी तो कण्हला. मग एकदम त्याचा हात वर आला आणि माझ्या दंडावर आवळला. मुलगी पायथ्याशी बोलायला लागली, हवालदार, मी नर्स, तुम्ही अंधेरीत आहात, दवाखान्यात, दुपारचे बारा वाजलेत, ऑपरेशन झालं, बाई बाहेर बसल्यात. तिचा आवाज चिरकत होता. पकड आणखी घट्ट झाली. वॉर्डबॉय पुढं सरकला. "धरा" हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी मानेनंच त्याला थांबवलं. ती परत तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली. मग मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं तसा तिनं चादरीवरून त्याच्या उजव्या पावलावर हात ठेवला.

त्याचे डोळे उघडले आणि तिच्यावर थांबले.

"पुढचा कुठाय?" तो म्हणाला.

त्या पुढच्याची गोष्ट तिला माहीत नव्हती, मी कुणालाच सांगितली नव्हती. ती गोंधळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढं कुणी नाही. मी आहे."

हे बरं की वाईट, ते मला कळेना. त्यानं दोन-तीनदा डोळे मिटले, उघडले आणि माझा दंड सोडला. मग पाणी मागितलं. पाणी द्यायचं नव्हतं, ओला कापूस ओठांना लावला. बाहेर जाऊन बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी बाकावर सरकून मला बसायला जागा केली.

दोन तुकडे निघाले. तिसरा रक्तवाहिनीजवळ होता, तो आत राहिला. हवालदार तीन आठवडे वॉर्डात होता, वजनवाला पेशंट घरी गेल्यावर मी त्याला कोपऱ्यातली खाट दिली. मेट्रननी ती शिकवणी पुढच्या बॅचलाही ठेवली, आणि त्या वेळी तो स्वतः आला. मुली नको ते विचारतील म्हणून मी धास्तावले होते. त्यांनी विचारलंही. ज्याचं उत्तर द्यायचं नव्हतं त्याला तो सरळ "पुढचा प्रश्न" म्हणायचा. वर्षभरानं ती दोघं गावी गेली.

केसपेपरवर "फौजेत होता का" ही ओळ छापून मिळावी म्हणून मी अर्ज केला, त्याचं काही झालं नाही. मी हातानं लिहीत राहिले. इन-चार्ज सिस्टर रजेवरून परत आल्या, किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या आणि माझं जेवण पुन्हा सुरळीत झालं, पण ती ओळ मी सोडली नाही.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी एक म्हातारा हर्नियासाठी आला. फौजेत होतात का, असं मी विचारलं, तर ठाम "नाही" म्हणाला. रोज पहाटे दचकून उठून बसायचा. मला शंका यायची, पण परत विचारलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी त्याची सून सामान आवरता आवरता सहज बोलून गेली की बाबांची सतरा वर्षं फौजेत गेली, घरात तो विषय काढलेला त्यांना चालत नाही. तो शेजारीच उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी गोळ्या कधी घ्यायच्या ते सुनेला समजावून सांगितलं आणि त्यांना जाऊ दिलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.